साबणाला आलेला घाम

मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिच्या पलंगाखाली एक पुठ्ठ्याचा खोका राहून गेला. आत दोन किलोची लादी होती, काचेसारखी, पण नखाने दाबली तर खळगा पडणारी. सोबत सिलिकॉनचे साचे, अभ्रकी रंगांच्या चिमुकल्या डब्या, एक थर्मामीटर, स्पिरिटची फवारणीची बाटली आणि वासाच्या तीन शिश्या. बारावीच्या सुट्टीत तिने हे सगळं मागवलं, चार साबण केले आणि तिचं मन दुसरीकडे गेलं. फोनवर विचारलं तर म्हणाली, "टाकून दे रे बाबा." दोन किलोची चांगली वस्तू टाकून द्यायची हे माझ्या पिढीला जमत नाही. वापरता येत नसेल तर ती माळ्यावर जाते, कचऱ्यात नाही.

ती माळ्यावर गेली नाही, कारण जूनचा दुसरा आठवडा होता. गोव्यात आमच्या फोंड्यात पाऊस लागला होता, कपाटातल्या चामडी पट्ट्याला पांढरी बुरशी आली होती आणि रविवारी घराबाहेर पाऊल टाकायचं काही कारण नव्हतं. म्हटलं, बघू तरी.

या प्रकाराला 'मेल्ट अँड पोअर' म्हणतात. वितळवा आणि ओता. नाव ऐकून वाटतं, यात शिकायचं ते काय? मलाही तसंच वाटलं आणि मी सुरीने तुकडे करून ते सरळ पातेल्यात टाकले, पातेलं सरळ गॅसवर ठेवलं. पाच मिनिटांत कडेकडेने फेस, मग पिवळसर झाक, मग जळक्या मेणबत्तीसारखा वास. ही लादी साधारण ६० अंशांना वितळते आणि ७०-७५ च्या वर गेली की बिघडते, तिच्यातलं पाणी उडतं आणि ती चिवट होते. तिला कधीच थेट आच द्यायची नाही. मोठ्या पातेल्यात पाणी तापवायचं, त्यात वाडगं ठेवायचं आणि वाडग्यात तुकडे. थोडक्यात, खरवस करताना जी सबुरी लागते तीच इथे. बायको दारातून बघत होती. काही बोलली नाही, फक्त खिडकी उघडून गेली.

दुसऱ्या वेळेस जमलं. सहा साबण, गोल, आरपार दिसणारे. आरपार साबणाचं आपल्याला फार अप्रूप. १८०७ साली लंडनमध्ये अँड्रयू पिअर्सने तसला साबण विकायला आणला, आणि लहानपणी आमच्या घरात ती वडी फक्त पाहुणे आले की न्हाणीत जायची. मी एक साबण उजेडात धरून त्यातून परसातला माड बघितला. माड वाकडा दिसला, पण दिसला. तो साबण घेऊन मी आईकडे गेलो.

आईचं वय ८२. गोवा मुक्त झाला तेव्हा ती वीस वर्षांची होती. आमच्या घरात, गोव्यातल्या पुष्कळ घरांत असतं तसं, बोलणं कोंकणीत आणि वाचन-लेखन मराठीत. तिने साबण हातात घेतला, हुंगला आणि विचारलं, "हो साबू तुवें केलो?"

मी हो म्हटलं. आणि मग, प्रामाणिकपणाची हौस म्हणा, सगळं सांगितलं. की तेल आणि कॉस्टिक सोडा यांची जी खरी रासायनिक क्रिया असते ती कारखान्यातच झालेली असते. तयार साबणाची लादी मिळते, ती आपण वितळवायची, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायची.

ती म्हणाली, "मागीर तुवें कितें केलें?" मग तू काय केलंस?

यावर मला उत्तर सुचलं नाही. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण समजूत घालायच्या सुरात पुढे म्हणाली, "पापड विकत आणले तरी तळावे लागतातच म्हणा."

मला ते लागलं. साबण करणाऱ्या लोकांमध्येही ही उतरंड आहेच. जे लोक खोबरेल, एरंडेल मोजून घेतात, हातमोजे आणि चष्मा लावून कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवतात आणि झालेल्या वड्या चार ते सहा आठवडे मुरायला ठेवतात, ते लादी वितळवणाऱ्यांना आपल्यात धरत नाहीत. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. पण कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाला तर डोळा जातो. ज्या स्वयंपाकघरात आई दुपारी चष्मा न लावता साखरेचा डबा शोधत फिरते, तिथे तो आणायचा नाही हे मी ठरवून टाकलं. राहता राहिलं वितळवणं आणि ओतणं. एवढ्यातच माझं असं काही करायचं होतं.

खोक्यातल्या वासाच्या शिश्या होत्या लॅव्हेंडर, पेपरमिंट आणि टी ट्री. यातलं एकही झाड मी कधी पाहिलेलं नाही. ऑनलाइन यादी चाळली, तर तिथे व्हॅनिला होता, समुद्राच्या झुळकीचा म्हणून एक वास होता. आमचा समुद्र सुकत घातलेल्या बांगड्यांसारखा वास मारतो, त्याला कोण गिऱ्हाईक? पहिल्या पावसाच्या मातीचं अत्तर कनौजला काढतात म्हणे, पण ती माती तिकडची, आमच्या जांभ्या दगडाचा वास तिला कुठून येणार? ओंवळांचा, म्हणजे बकुळीचा, वास नाही, म्हार्दोळच्या जायांचा नाही, सुरंगीचा तर नाहीच. म्हटलं, ठीक. लादी कारखान्याची आहे ना? मग आत जाईल ते सगळं आपल्या परसातलं, आपल्या बाजारातलं. हा साबण कुणीही हुंगला, बघितला की कळलं पाहिजे, हा गोव्यातला.

सुरुवात भिरंडापासून. मराठी मुलखात ज्याला कोकम म्हणतात ते. मीठ न लावलेल्या सालांचा गडद लाल काढा केला. माणकासारखा रंग. वितळलेल्या साबणात दोन चमचे घातला आणि ढवळला. लाल रंग डोळ्यांदेखत जांभळट झाला, जांभळ्याचा शेवाळी, आणि साच्यात बसेपर्यंत पागोळ्यांखालच्या डबक्याचा जो असतो तो. मी बघत राहिलो. याचं कारण शाळेतच शिकलो होतो, विसरलो होतो इतकंच. भिरंडाचा लाल रंग आंबटपणावर जगतो. साबण अल्कधर्मी. सोलकढीत नारळाचं दूध कितीही ओता, आंबटपणा शाबूत असतो म्हणून गुलाबी टिकते. इथे तो आंबटपणाच मारला गेला. शिवाय काढ्याच्या पाण्यामुळे वड्या मऊ पडल्या त्या पडल्याच.

मग हळद. हळदीला कोण हरवणार? पण पिवळाधमक साबण व्हायच्या ऐवजी तो नारिंगी झाला, विटकरीकडे झुकलेला. आई म्हणाली, "शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावलास की लाल होतो, एवढं माहीत नव्हतं?" माहीत होतं. कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच करत आलेत. हळद क्षाराला भेटली की लाजतेच. तरी तो नारिंगी रंग मला आवडला होता. खिडकीत ठेवला, आठवड्याभरात उन्हाने तोही विटला. जूनमध्ये आमच्याकडे ऊन असतं किती, पण जेवढं होतं तेवढं त्याला पुरलं.

सुरंगीवर माझी खरी भिस्त होती. सुरंगी मार्च-एप्रिलमध्ये फुलते, झाडाला खोडापासून फुलं लगडतात आणि गजरा सुकला तरी वास सोडत नाही. आई सुकलेले गजरे ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवते. त्यातला एक मागून घेतला. तिने तो दिला, पण किती नाखुशीने ते सांगत नाही. अर्ध्या कळ्या खोबरेलात मंद कोमट करून ठेवल्या, आठ दिवस. तेल गाळलं, साबणात घातलं. अर्ध्या किलोला चमचाभर, त्याहून जास्त तेल गेलं तर फेस मरतो. उरलेल्या कळ्या वरून पेरल्या. तेलाला जो वास होता तो साबणात पोचेपर्यंत संपला. हुंगल्यावर नुसतंच 'काहीतरी' यायचं, शेजाऱ्यांकडचं बोलणं भिंतीतून ऐकू यावं तसं. आणि कळ्या चार दिवसांत तपकिरी पडून मेलेल्या मुंग्यांसारख्या दिसू लागल्या. नंतर समजलं, साबणात बहुतेक फुलांचं हेच होतं, गुलाबाचंही. झेंडूच्या कुळातल्या कॅलेंड्युलाच्या पाकळ्या तेवढ्या रंग धरतात. गजरा मात्र गेला तो गेलाच. पुढच्या मार्चपर्यंत आईच्या ट्रंकेत एक घडी बिनवासाची.

या सगळ्यात एक गोष्ट रोज घडत होती, मी तिच्याकडे लक्ष देत नव्हतो. सकाळी साच्यातून काढलेला कोरडा साबण संध्याकाळी बघावा तर त्यावर दवाचे थेंब. पुसले, रात्रीत पुन्हा. मला आधी वाटलं वितळतोय. मग वाटलं लादी जुनी झाली. आई येताजाता बघायची. एकदा थांबून म्हणाली, "ताका घाम आयला."

घामच तो. फक्त आतून बाहेर येणारा नव्हे, बाहेरून येऊन बसलेला. या लादीत ग्लिसरीन भरपूर असतं आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. तेलातून हा पदार्थ शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये वेगळा काढला, त्याला तो चवीला गोड लागला. पुढे शेव्हरल या फ्रेंच माणसाने त्याला नाव दिलं तेही 'गोड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन दोन्ही तयार होतात. मोठे कारखाने बहुधा ग्लिसरीन काढून घेतात आणि वेगळं विकतात, म्हणून दुकानातली वडी कोरडी ठणठणीत. आमच्या लादीत ते राहू दिलेलं, वर आणखी घातलेलं. त्यामुळे अंगाला हा साबण मऊ लागतो, आणि त्यामुळेच तो पावसात पाघळतो. आमच्याकडे गूळ नाही का पाघळत? वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या हवेत गोड वस्तू कोरडी राहील कशी?

भिरंडाला मी आत घालायला गेलो, जमलं नाही. हळद गेली, सुरंगी गेली. आणि ही इथली हवा, जिला कुणी बोलावलं नव्हतं, ती रोज संध्याकाळी थेंबाथेंबाने साबणावर येऊन बसत होती. मी तिला फडक्याने पुसत होतो.

मिठाच्या बरणीत आई तांदळाचे दाणे घालते, ओल शोषायला. मी साबणांच्या डब्यात तांदूळ घातले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक साबणाला तांदूळ चिकटलेले, जणू कुणी अक्षता टाकल्यात. खरा उपाय साधा होता. साबण घट्ट झाला की लगेच, तासभरसुद्धा न थांबता, स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकच्या फिल्ममध्ये हवा न राहील असा गुंडाळायचा. बस.

मधल्या काळात हात बसत गेला. उटण्याची पूड घातली तर ती सगळी तळाशी जाऊन बसली, खाली गाळ आणि वर काच. कळलं की साबण फार गरम असतो तेव्हा पातळ असतो, त्यात जड काही तरंगत नाही. ५० अंशांपर्यंत येऊ द्यावा, ढवळत राहावं, जरा दाटसर झाला की पूड घालून लगेच ओतावं. दोन थर करायचे असतील तर पहिल्यावर साय धरली की स्पिरिटचा फवारा मारायचा आणि मगच दुसरा ओतायचा. नाहीतर वापरताना दोन्ही थर सुटून हातात येतात, घरं वाटून झालेल्या भावांसारखे. फवारा गॅसपासून लांब मारायचा, हे वेगळं सांगायला नको. वरचे बुडबुडेही त्यानेच फुटतात. खाण्याचा रंग वापरून केलेला हिरवा थर आठवड्यात पांढऱ्यात उतरला, म्हणून ते रंग बंद. अभ्रकी रंग जागचे हलत नाहीत.

चवथीला साचे कमी पडले म्हणून मोदकाचा साचा वापरला. एकवीस साबणी मोदक झाले, इतके हुबेहूब की बायकोने ते घरातून बाहेर काढायला लावले. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला आलेल्या पुतण्याने एक उचललाच होता. आता तो साचा साबणाचाच झाला आहे. बायकोने नवीन आणला आणि त्यावर मार्करने 'खायचे' असं लिहून ठेवलं.

ऑफिसातले म्हणाले, विक रे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बस. चौकशी केली तर अंगाला लावायचा साबण करून विकायचा म्हणजे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली उत्पादनाचा परवाना लागतो. मी खोका घेऊन सुरुवात केलेला माणूस. वाटून टाकले.

माझे साबण लोक घेत, हुंगत, 'छान' म्हणत आणि पाहुण्यांच्या न्हाणीत ठेवत. ज्या साबणाचा खरंच वापर झाला तो आईचा. सप्टेंबरच्या शेवटी ती परसातून एक जून, सुकलेलं, गेल्या वर्षीचं घोसाळं घेऊन आली. साल सोलून, बिया झटकून आत राहते ती जाळी. म्हणाली, "हें घाल." तिच्या लहानपणी भाणातलं पाणी चुलीवर तापायचं, अंग घासायला हीच किशी, नाहीतर नारळाचं सोडण, आणि केसांना रिठे. साबण कपड्यांना लागायचा, तोही मोजून.

मी जाळीच्या चकत्या कापल्या, साच्यात उभ्या बसवल्या आणि वरून साबण ओतला. साबण जाळीच्या भोकाभोकांत शिरला आणि थिजला. रंग बदलला नाही, वास हरवला नाही, कारण घोसाळ्याला दोन्ही नव्हतंच. त्याचं साबणाशी काही भांडण झालं नाही. उजेडात धरला की आत सगळा धाग्यांचा गुंता दिसतो, गावाच्या नकाशासारखा. तो साबण पाठ घासायला उत्तम, आणि झिजत जातो तशी किशी मोकळी होत जाते. आईने पहिल्याच दिवशी तो स्वतःच्या न्हाणीत नेला. मी केला असं ती कुणाला सांगत नाही. "आमच्या घोसाळ्याचा साबू" असं सांगते.

ऑक्टोबरात मुलीला दिवाळीचं पार्सल पाठवायचं होतं. चकली, चिवडा, आणि तिच्याच खोक्यातल्या शेवटच्या अर्ध्या किलोचे साबण. चार घोसाळ्याचे, दोन उटण्याचे. रविवार होता. साबण ओतून झाला, वर बुडबुड्यांची जाळी आली आणि फवारणीची बाटली रिकामी. त्यातलं स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधांच्या दुकानात मिळतं, पण दुकान बंद. साबणावर साय धरायला दोन मिनिटं. मी कपाट उघडलं, सर्दी-खोकल्यासाठी ठेवलेली काजूफेणी काढली आणि बाटलीत भरली.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा मूर्खपणा होता. फवाऱ्याला ९० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल हवं, फेणीत ते ४२.८ टक्के, बाकी बहुतेक पाणी. बुडबुडे निम्मेच फुटले, उरलेले वड्यांवर कायमचे राहिले, देवी आलेल्या माणसाच्या गालासारखे. वास उडून जाईल असं वाटलं. थंड झाल्या, लगेच फिल्ममध्ये घट्ट गुंडाळल्या, चकलीच्या डब्यापासून दूर ठेवून कुरियरला दिल्या.

पाडव्याला फोन आला. मी आधी साबणांचंच विचारलं. घाम आला का?

"घाम? नाही रे, कोरडा आहे. इथे कशाला घाम येतो?" ती म्हणाली. "पण बाबा, तू यात घातलंयस तरी काय? प्लास्टिक काढलं आणि अख्ख्या खोलीत आपल्या घरासारखा वास सुटला. रूममेट विचारतेय, तुझ्या घरी दारू गाळतात का?"

'फेणी' हे नाव गोव्याबाहेर केलेल्या दारूला लावता येत नाही, २००९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. हे मी तिला सांगायला लागलो, पण तिला हसू आवरत नव्हतं, म्हणून फोन आईकडे दिला. आईने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि फोनवर हात ठेवून हळूच मला विचारलं,

"काजूची काय माडाची?"